ल्वारकाठचे शातो, चर्च आणि गावं: कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी

फ्रेंच भाषेत 'शातो' हा एकच शब्द आपल्या पन्हाळ्यालाही चालेल आणि नव्या राजवाड्यालाही. तटबंदीचा लढाऊ गड असो की खिडक्या-बागांचा ऐसपैस वाडा, दोन्हीला शातोच म्हणतात. बोर्दोकडे तर द्राक्षमळ्याच्या साध्या घरालाही हेच नाव असतं. बरेच जण या एका शब्दामुळे फसतात. पाच-सहा शातो पाहून झाले की सगळे सारखेच वाटू लागतात आणि तिसऱ्या दिवशी घरातली मंडळी "आता पुरे" म्हणतात. शातो सारखे नसतात, पाहण्याचा क्रम चुकलेला असतो.

म्हणून आधी क्रम ठरवा. पॅरिसच्या नैर्ऋत्येला ल्वार नदीचं खोरं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच निवडावं, कारण गड ते राजवाडा हा पाचशे वर्षांचा सगळा प्रवास इथे 60-70 किलोमीटरच्या टापूत दिसतो. सुरुवात लोश किंवा शिनाँपासून करा. लोशचा बालेकिल्ला अकराव्या शतकातला आहे, सुमारे 36 मीटर उंच, भिंती जवळपास 3 मीटर जाड आणि उजेड यायला जेमतेम फटी. शिनाँ नदीवरच्या लांबट कड्यावर आहे. 1429 मध्ये इंग्रजांशी लढलेली जोन ऑफ आर्क फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सला भेटली ती इथेच. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आणि अंधारबाव डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला हे दोन्ही गड लगेच कळतात: पाणी कुठून, शत्रू कुठून, माघार कुठून.

त्यानंतर ब्लवा. हा शातो अजिबात वगळू नका. एकाच चौकात उभं राहून चार काळांच्या चार इमारती पाहता येतात: तेराव्या शतकातलं सभागृह, बाराव्या लुईची विटा-दगडांची बाजू, पहिल्या फ्रान्स्वाची कोरीव बाजू आणि सतराव्या शतकातली सरळ रेषांची बाजू. चौकात पंधरा मिनिटं नुसते उभे राहा आणि खिडक्यांचा आकार कसा वाढत गेला ते बघा. तोफा आल्या, उंच भिंतींचा उपयोग संपला आणि राजे उजेडासाठी बांधू लागले, ही गोष्ट त्या खिडक्याच सांगतात. भिंतीवरचे प्राणीही ओळखून ठेवा. साळिंदर बाराव्या लुईचं, आगीतला सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा प्राणी, पहिल्या फ्रान्स्वाचा. पुढे एखाद्या शातोत छतावर यातला प्राणी दिसला की कोणत्या राजाचा ते तुम्हीच सांगू शकाल.

आता शाँबोर आणि शनाँसो. शाँबोरचं काम पहिल्या फ्रान्स्वाने 1519 मध्ये सुरू केलं. त्याचं मर्म मधल्या दुहेरी गोल जिन्यात आहे. दोन जिने एकाच गाभ्याभोवती फिरतात, चढणारा आणि उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून दिसतात, पण वाटेत कुठेही भेटत नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या दारांतून चढावं, म्हणजे रचना पटकन लक्षात येते. नंतर थेट गच्चीवर जा. धुराड्यांचं आणि मनोऱ्यांचं ते जंगल या वास्तूतला सगळ्यात सुंदर भाग आहे आणि खोल्या बघून पाय दमले की नेमकं तेच राहून जातं. काही खोल्या रिकाम्या वाटतील, पण त्यात नवल नाही. दरबार फिरता असायचा आणि सामान राजाबरोबर गाड्यांतून जायचं. फर्निचरसाठीचा फ्रेंच शब्दच 'हलवता येणारं' या अर्थाचा आहे. फ्रान्स्वा स्वतः 32 वर्षांच्या कारकिर्दीत इथे सगळे मिळून काही आठवडेच राहिला.

शनाँसो नदीवर, अक्षरशः पुलावर बांधलेला आहे. पूल राजा दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी दियान द प्वातिए हिने बांधवला. दुसरा हेन्री 1559 मध्ये वारल्यावर राणी कॅथरीनने तिच्याकडून शातो काढून घेतला आणि पुलावर 60 मीटर लांबीचं दालन चढवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या आणि न व्यापलेल्या फ्रान्सची सीमा याच शेर नदीवरून जात होती. मुख्य दार एका बाजूला, दालनाचं टोकाचं दार दुसऱ्या बाजूला. खाली पुलाच्या खांबांत स्वयंपाकघर आहे, ते चुकवू नका. इथे गर्दी फार असते. उघडण्याच्या वेळी पोहोचा किंवा चारनंतर जा, कारण अकरा ते तीन टूरच्या बसेस असतात.

दिवसाला दोन शातो, त्याहून जास्त नको. मोठ्याला तीन तास, छोट्याला दीड तास धरा. उरलेल्या वेळात अझे-ल-रिदो आणि व्हिलाँद्रीची जोडी बसते. अझे नदीतल्या बेटावर आहे. व्हिलाँद्रीला फक्त बागेचं तिकीट घेतलं तरी चालतं: नऊ चौकोनांत कोबी, बीट, भोपळा रंगांप्रमाणे लावलेले असतात. शेतीत वाढलेल्या माणसाला तिथून लवकर निघवत नाही. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जात असाल तर शाँबोरमध्ये जिने फार आहेत, हे आधीच सांगून ठेवा. शनाँसो आणि व्हिलाँद्रीच्या बागा बऱ्याच सपाट आहेत. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत आणि ठेवायची सोय सगळीकडे नसते. त्यामुळे मुक्काम बदलण्याच्या दिवशी शातो ठेवू नका.

मुक्काम एकच धरा: तूर किंवा अँब्वाज. पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून जलद गाडी साधारण तासाभरात पोहोचते. मात्र बहुतेक जलद गाड्या तूरच्या मुख्य स्टेशनात न जाता शेजारच्या सँ-पिएर-दे-कोरला थांबतात. तिथून तूरपर्यंत पाच मिनिटांची जोडगाडी असते. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरूनही सँ-पिएर-दे-कोरला थेट गाड्या आहेत. विमानाची वेळ जुळली तर पॅरिस शहरात शिरायचीच गरज नाही. मात्र विमान उशिरा आलं तर गाडी चुकते, तेव्हा मध्ये तीन तास तरी ठेवा.

तूरहून लोकल गाडीने शनाँसोला अर्धा तास लागतो आणि स्टेशन शातोच्या दाराशीच आहे. अँब्वाजला 20 मिनिटं, पण स्टेशन नदीच्या पलीकडे, त्यामुळे शातोपर्यंत पाऊण मैल चालणं आलं. अझेचं स्टेशन शातोपासून सुमारे 2 किलोमीटर. ब्लवाहून शाँबोर 16 किलोमीटर आहे आणि हंगामात बस असते. या लोकल दिवसाला मोजक्याच धावतात. उतरल्या उतरल्या परतीच्या फलकाचा फोटो काढा. शेवटची गाडी चुकली तर गावात टॅक्सी उभी नसते.

गावं पाहायची तर गाडी हवी. आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओत मिळतो, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. भाड्याच्या गाडीसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी देत नाहीत आणि सगळा बेत काउंटरवरच कोसळतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच तसं बुकिंग करा, न सांगता मिळते ती गिअरची.

गाडी उजव्या बाजूने चालवायची. हायवेवर चूक होत नाही, कारण पुढे-मागे गाड्या असतात. चूक होते ती पेट्रोल पंपातून किंवा जेवणानंतर रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना, हात सवयीने डावीकडे वळतो. शेजारी बसलेल्याला "उजवीकडे" म्हणायचं काम द्या. गावाच्या नावाची लाल चौकटीची पाटी दिसली की तिथूनच वेगमर्यादा 50, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. नावावर आडवी लाल रेघ मारलेली पाटी आली की मर्यादा संपली. बाहेर दुपदरी रस्त्यावर सहसा 80. बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो कितीही लहान गल्लीतून येवो. चक्राकार चौकात गाड्या घड्याळाच्या उलट फिरतात. पंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल. नावातल्या 'गॅस'वरून पेट्रोल समजून भरलं की इंजिन गेलंच. रविवारी पंपावर माणूस नसतो, चार आकडी पिन असलेलं कार्ड लागतं.

तारखांचं सांगायचं तर मे, जून किंवा सप्टेंबर. शाळेच्या सुट्टीमुळे मे सोयीचा, पण 1 मे रोजी काही शातो बंद असतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतो आणि एरवी बंद असणारी दारंही उघडतात. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून देता येतो आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो. उन्हाळ्यात अर्ज देण्याची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून अडीच-तीन महिने आधी पुण्याची किंवा मुंबईची तारीख घ्या. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. विमा किमान 30,000 युरोंचा आणि पासपोर्टची मुदत परतीनंतर तीन महिने तरी हवी. सरकारी वास्तूंत 18 वर्षांखालच्या मुलांना बहुधा तिकीट नसतं, तरी मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवा.

चर्चला वेगळी तयारी लागते. 1905 च्या कायद्यानंतर त्याआधीची चर्च गावाच्या आणि कॅथेड्रल सरकारच्या मालकीची झाली, त्यामुळे आत जायला पैसे नाहीत. मनोरा किंवा खजिन्याचं दालन पाहायला तेवढं तिकीट असतं. चपला काढायच्या नाहीत, पुरुषांनी टोपी काढायची. प्रार्थना चालू असेल तर मागे बसा किंवा बाहेर थांबा, फिरू नका. मेणबत्ती लावायची तर पैसे आधी पेटीत टाका.

पाहताना पहिला प्रश्न कमानीचा. अर्धगोल कमान, जाड भिंत, लहान खिडकी म्हणजे जुनी रोमनेस्क पद्धत. टोकदार कमान, उंची आणि बाहेरून टेकू दिलेले धनुष्याकार दगडी हात म्हणजे गॉथिक. छताचा भार त्या बाहेरच्या हातांवर गेला, म्हणून भिंतीत काच बसवता आली. आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वरात स्वर्गमंडपाचं छत मध्ये उघडं ठेवून उजेड आत घेतला, इथे भिंतच काचेची केली. दारावरच्या अर्धवर्तुळात अनेकदा न्यायनिवाड्याचा प्रसंग कोरलेला असतो. आपल्या डाव्या हाताला स्वर्ग, उजव्या हाताला नरक, कारण बाजू ख्रिस्ताच्या हातांवरून मोजायच्या.

एकच कॅथेड्रल नीट पाहायचं असेल तर शार्त्र. पॅरिसहून साधारण सव्वा तास. 1194 च्या आगीनंतर बांधलेलं हे कॅथेड्रल मुख्यतः एका पिढीत उभं राहिलं. तेराव्या शतकातली बरीच काच अजून जागेवर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती काढून लपवली होती, म्हणून वाचली. पक्षी पाहायची दुर्बीण बरोबर घ्या, याहून उपयोगी सल्ला या चर्चसाठी नाही. आत गेल्यावर दहा मिनिटं बसा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग एक खिडकी निवडा आणि बहुतेकदा खालून वर वाचा. जमिनीवरच्या चक्रव्यूहावर एरवी खुर्च्या असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून 1 नोव्हेंबरपर्यंत शुक्रवारी त्या काढतात, चालायचं असेल तर तो वार धरा.

गावं निवडायला एक तयार खूण आहे. 1982 मध्ये कोलाँज-ला-रूजपासून सुंदर गावांची संघटना सुरू झाली. लोकसंख्या 2,000 च्या आत आणि किमान दोन संरक्षित वास्तू असतील तरच गावाला ती पाटी मिळते. तूरच्या टापूत माँत्रेझोर आणि कांद-सँ-मार्तँ अशी गावं आहेत. घरं पांढऱ्या मऊ चुनखडीची. खाणीतून काढताना सहज कापली जाते, म्हणून कोरीव काम नाजूक, आणि तितकीच लवकर झिजते. आपल्या काळ्या दगडाची सवय असल्याने हात फिरवावासा वाटतो, पण फिरवू नका.

सकाळी नऊला पोहोचा किंवा पाचनंतर. बाराला दुकानं बंद होतात आणि जेवण फक्त बारा ते दीड-दोन. पावणेदोनला गेलात तर "स्वयंपाकघर बंद" हेच उत्तर मिळेल. रविवारी दुपारी आणि सोमवारी गावं मिटलेली असतात. त्या दिवसासाठी पाव, चीज आणि फळं आदल्या दिवशीच घ्या. आठवडी बाजार लोशला बुधवारी आणि शनिवारी, अँब्वाजला शुक्रवारी आणि रविवारी असतो. एकपर्यंत सगळं आवरतं.

शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढं पुरत नाही. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात आणि सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं. "सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों" असं म्हणा: मांस, मासे आणि ते तुकडे नकोत. गव्हाऐवजी कुट्टूच्या पिठाचा चीज घातलेला डोसा, म्हणजे 'गालेत', बहुतेक ठिकाणी मिळतो. "उन काराफ दो" म्हटलं की पाणी फुकट देतात. बरोबर कांदा-लसूण चटणी, मेतकूट, गूळ नेता येतं. तूप, पेढे, सुकं मटण आणि आंबे विमानतळावर काढून घेतात, कारण दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत आणि ताज्या आंब्यांना प्रमाणपत्र लागतं.

कुठल्याही दुकानात, तिकीटखिडकीवर, बसमध्ये पहिला शब्द "बाँझूर", त्यानंतर "मादाम" किंवा "मस्यू". तो न बोलता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि 'फ्रेंच लोक मदत करत नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. लहान गावात चर्चला कुलूप असेल तर दारावरची चिठ्ठी वाचा. किल्ली गावच्या कचेरीत, म्हणजे 'मेरी'त, किंवा शेजारच्या घरी असते. कचेरी आठवड्यातून काही तासच उघडी असते, म्हणून तिची वेळ आधी बघून जा. किल्ली घेतली की आत दिव्याचं बटण दाराजवळच सापडतं. निघताना दिवा बंद करा, दार ओढून पाहा आणि किल्ली ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याच हातात द्या.