सहाच सूर्यनमस्कार, पण सावकाश

रथसप्तमीला मैदानावर शिट्टीच्या तालावर घातलेले सूर्यनमस्कार अनेकांच्या अंगात मुरलेले असतात. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून रुजवलेल्या या सामुदायिक व्यायामाला ताल लागतोच. घरी मात्र शिट्टीची घाई सोडा. श्वास संपेल तेव्हाच पुढची स्थिती घ्या. असा एक नमस्कार दीड-दोन मिनिटं चालतो, त्यामुळे सुरुवातीला सहा पुरे.

वेळ सकाळची, पोट रिकामं. जेवणानंतर किमान तीन तास जाऊ द्या. खाली न सरकणारी सतरंजी किंवा मॅट हवी; गुळगुळीत फरशीवर चादर टाकलीत तर पर्वतासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) हात पुढे घसरतात.

हात वर नेताना श्वास घ्या, वाकताना सोडा, पाय मागे टाकताना घ्या, पर्वतासनात सोडा. साष्टांग स्थितीत क्षणभर श्वास बाहेरच रोखा आणि भुजंगासनात, म्हणजे छाती वर उचलताना, घ्या. परतताना हाच क्रम उलटा. पहिल्या नमस्कारात उजवा पाय मागे गेला असेल तर दुसऱ्यात डावा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पादहस्तासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकताना. तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत या हट्टापायी कंबर गोल होते आणि मांडीमागच्या शिरांचा ताण कमरेवर येतो. गुडघे खुशाल वाकवा, पोट मांडीला लागू द्या, मान सैल सोडा. आता लक्ष तळपायांकडे: वजन टाचेवर आहे की चवड्यावर? डाव्या पायावर जास्त की उजव्या? दुरुस्त करायची घाई नको, आधी नुसतं कळू द्या.

भुजंगासनात खांदे कानांपाशी चढले की मान आखडते. कोपरं थोडी वाकवा, छाती पुढे काढा. मनगट दुखत असेल तर बहुधा सगळा भार तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर पडतोय; बोटं पसरून अंगठा आणि तर्जनीचं मूळ जमिनीत दाबा.

मध्येच श्वास तुटला, धाप लागली, तर तो नमस्कार तिथेच थांबवा. दम कोंडून आकडा पूर्ण करण्यात काही अर्थ नाही.

शेवटी पाच मिनिटं शवासन. मग वहीत एकच ओळ: ‘उजवा खांदा जड’, ‘आज घाई झाली’. दोन-तीन आठवड्यांची पानं चाळलीत की कुठल्या दिवशी, कशामुळे अंग आखडतं ते दिसू लागतं. झोप आणि बसण्याची पद्धत कुठे बदलायची तेही त्यातूनच ठरवा.

हर्निया, मणक्यातली सरकलेली चकती, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.