छोट्या शिकारी डायनासोरचा दात ओळखायचा कसा

निपाणीकडं काळ्या दगडात टोकदार पांढरं काहीतरी दिसलं की पोरं फोटो पाठवतात, दादा हा डायनासोरचा दात काय बघा की! अरे तो लाव्हाचा दगड, त्यातलं ते स्फटिक असतंय, आणि गोकाकचा दगड तर डायनासोरच्या कितीतरी आधीचा. खरे दात बघायचे तर चंद्रपूरकडचं पिसदुरा, गुजरातचं बालासिनोर तिकडचे.

दात हातात आला की आधी आडवा छेद बघायचा, गोल असला तर बहुतेक मगर, चपटा आणि मागं वाकलेला असला तर पुढं जायचं. मग बेळगावातल्या शहापूरच्या सोनाराकडं असतंय तसलं १० पट भिंग घ्या आणि कडा बघा, करवतीसारखे बारीक दाते दिसतील. मागच्या कडेचे दाते पुढच्यापेक्षा ठळक मोठे असले तर ड्रोमिओसॉर, म्हणजे व्हेलोसिरॅप्टरचं खानदान, असू शकतंय. दाते मोठे, आकड्यासारखे, टोकाकडं वळलेले असले तर ट्रूडॉन्टिड, म्हणजे पक्ष्यांच्या जवळचं छोट्या डायनासोरचं दुसरं खानदान, असू शकतंय. दाते १ मिमीत किती बसतात ते मोजाच, नुसत्या अंदाजावर नाव ठेवू नका.

आणि मोरोक्कोचा 'रॅप्टर'चा (म्हणजे ड्रोमिओसॉरचा) दात म्हणून ऑनलाइन विकतात तो बरेचदा अबेलिसॉरिडचा, म्हणजे आखूड हातांच्या वेगळ्याच शिकारी डायनासोरचा निघतो, पैसे घालायच्या आधी कडेचा क्लोजअप मागा.