घरात मराठी, गल्लीत कन्नड: बाळाचे शब्द मोजायचे कसे, दाखवायचं कधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं दीड वर्षाचं पोरगं बोलंना झालं की कुणीतरी सांगतंयच, दोन भाषांनी लेकरू गोंधळलंय, एकच भाषा बोला. असं काही नसतंय. दोन भाषांमुळं बोलणं उशिरा होत नाही, त्यासाठी आज्जीचं कन्नड बंद करू नका प्लीज.

आधी शब्द मोजा. फ्रिजवर कागद लावा, आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी ऐकलेला शब्द लिहायचा, शेजारच्या अक्कांना पण विचारा, त्यांच्याकडं ते वेगळंच बोलत असतंय. दोन्ही भाषा एकत्र मोजायच्या. आईजवळ 'दूद' आणि अक्कांकडं 'हालु' (कन्नडमध्ये दूध) म्हणालं तर दोन शब्द झाले. भू-भू, मम्म पण धरा, बोबडं असलं तरी धरा, फक्त ते आपणहून आणि दरवेळी त्याच वस्तूला म्हणायला पाहिजे, तुमच्या मागनं म्हटलेलं नको. आणि 'दूद बेडा' (दूध नको) म्हणून वाटी ढकलली तर खूश व्हा, दोन शब्द जोडले की त्यानं!

साधारण हिशोब असा, दीड वर्षाला आई-बाबा सोडून निदान 3 शब्द, दोन वर्षाला दोन शब्द जोडून, अडीचला 50 च्या आसपास. चालायचं वय 8 ते 18 महिने एवढं मोठं आहे, त्यामुळं जावेचं 10 व्या महिन्यात चाललं म्हणून टेन्शन नको, पण 18 महिने होऊनही आधाराशिवाय चालत नसेल तर दाखवा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेपासनं धरायचं.

माझं मत विचाराल तर शब्दांच्याही आधी बोट बघा. विमान गेलं, बाळानं बोट केलं आणि वळून तुमच्या तोंडाकडं बघितलं, 'तू पण बघ' म्हणून, हे फार मोठं काम आहे. दीड वर्षाला बोट दाखवत नसेल, नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा आधी बोलत होतं ते बंद झालं असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. 'मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाप पण तीन वर्षाला बोलला' हे ऐकत सहा महिने घालवू नका, कारण ऐकू कमी येत असेल तर तेवढे महिने वाया जातात, म्हणून बोलणं मागं असलं की कानाची तपासणी पहिली करायची. मोबाईल दोन वर्षांपर्यंत नकोच.

खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडीच्या टीचरना सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातनं दोनदा तिथं मुलं तपासते, गरज वाटली तर पुढं पाठवतात, सगळं फुकट. जाताना तो कागद आणि बाळाचा खेळतानाचा व्हिडिओ घेऊन जा. डॉक्टर कन्नडमध्ये विचारत असतील तर मराठी शब्द आपणहून सांगा, नाहीतर बाळाचे अर्धेच शब्द मोजले जातात.