मधल्या सुट्टीची घंटा: किशोरवयीन रहस्यमालिकेचा मिडसीझन फिनाले कसा रचावा

अमेरिकी टीव्हीवर २२ भागांचं पर्व दोन तुकड्यांत दाखवायची जुनी पद्धत आहे. सप्टेंबरच्या सुमारास सुरू झालेली मालिका डिसेंबरात थांबते आणि नव्या वर्षात परतते. उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या मालिकेची मधली सुट्टी ऑगस्टअखेर लागते. सुट्टीआधीचा भाग, म्हणजेच मिडसीझन फिनाले, साधारण १० वा ते १२ वा असतो. रहस्यमालिकेत या भागाने अर्ध्या पर्वात चघळलेल्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं असतं, आणि पुढचा प्रश्न त्या उत्तराच्याच पोटातून काढायचा असतो. उत्तर न देता नुसता धक्का दिला की फसवल्याची भावना उरते, आणि ती सुट्टीभर टिकते.

सुरुवात शेवटच्या शॉटपासून करा. तो एका वाक्यात लिहा. वाक्य ‘अमुक संकटात सापडते’ असं असेल तर फाडून टाका. गाडी दरीत कोसळली, बंदुकीचा आवाज आला आणि पडदा काळा झाला, असल्या शेवटांना सुट्टीत गंज चढतो. नायिका मरणार नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. कलाकारांच्या करारांच्या बातम्या तो वाचतोच. त्याऐवजी ‘अमुक गोष्ट आता आपल्याला कळली’ असं वाक्य शोधा. कळलेलं परत घेता येत नाही. ‘प्रिटी लिटल लायर्स’ या अमेरिकी किशोरवयीन रहस्यमालिकेच्या तिसऱ्या पर्वात २८ ऑगस्ट २०१२ च्या भागाने हेच केलं: नायिकांपैकी एक असलेल्या स्पेन्सरचा प्रियकर टोबी शत्रूच्या गोटात असल्याचं शेवटी प्रेक्षकांना दिसलं, स्पेन्सरला नाही. त्यामुळे पुढे दोघांच्या साध्या भेटीलाही धार आली. याच मालिकेत २६ ऑगस्ट २०१४ च्या भागात मोना या पात्राचा खून दाखवला आणि मार्च २०१५ मध्ये ती जिवंत निघाली. धक्का दोन्ही वेळा बसला, पण असा मृत्यू एकदा मागे घेतला की त्यानंतरच्या प्रेतावर कोण विश्वास ठेवणार?

शेवट ठरला की मागे या. भिंतीवर तक्ता लावा: आडव्या ओळीत भाग, उभ्या रांगेत पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत ‘याला आत्ता काय माहीत आहे’. कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या चुका इथेच सापडतात. मग उलगड्याचे किमान तीन धागे पेरा: एक दुसऱ्या-तिसऱ्या भागात, एक सहाव्याच्या आसपास, एक फिनालेच्या आदल्या भागात. प्रत्येक धाग्याला त्या क्षणी पटेल असं निरुपद्रवी कारण हवं, आणि तो अशा सीनमध्ये लपवा जिथे लक्ष दुसरीकडे आहे. मैत्रिणींचं कडाक्याचं भांडण चालू असताना मागे कोणीतरी किल्ल्या उचलतं, एवढं पुरतं. क्लोज-अप घेतलात की धागा उघडा पडला. चकवे, म्हणजे प्रेक्षकाला भलत्यावर संशय घ्यायला लावणाऱ्या खुणा, दोनच ठेवा. पाच संशयितांना सारखंच काळं केलं की प्रेक्षक तर्क करणं सोडून देतो.

मुखवटाधारी किंवा हुडीतली आकृती असेल तर ती आजवर जिथे जिथे दिसली ते सगळे सीन काढून बसा. त्या वेळी गुन्हेगार दुसऱ्या कोणाशी गप्पा मारत नव्हता ना? उंची, डावा-उजवा हात, बूट जुळतात ना? हुडीत बहुतेकदा भलताच माणूस उभा केलेला असतो, म्हणून वेशभूषा आणि कंटिन्युइटी (सीनमागून सीन तपशील जुळवणाऱ्या) विभागाला गुन्हेगाराचं नाव आधीच सांगावं लागतं. बाकी युनिटला शेवटची पानं उशिरा द्या.

आता मिनिटांचा हिशोब. तासाच्या भागात जाहिराती वजा जाता सुमारे ४२ मिनिटं हातात येतात. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळ एक मिनिट, पण संवाद भरभर बोलले जातात म्हणून ५० पानांपर्यंत चालतं. मुख्य उत्तर ३० व्या ते ३३ व्या मिनिटाला द्या. इथेच बहुतेक जण घसरतात: उलगडा अगदी शेवटच्या मिनिटाला ठेवतात आणि पात्रांना त्यावर रडायला, खोटं बोलायला, एकमेकींकडे बघायलाही वेळ उरत नाही. परिणामांना आठ-दहा मिनिटं हवीतच. नवा प्रश्न शेवटच्या ६० ते ९० सेकंदांत, शक्यतो संवादाविना.

सगळे संशयित एका छताखाली आणायला शाळेतला नाच, म्हणजे मुलामुलींची रात्रीची नाचपार्टी, उगाच वापरत नाहीत. गर्दी, मुखवटे, मोठा आवाज, पालक बाहेर. मात्र ‘पोलिसांकडे का जात नाहीत?’ हे भोक पहिल्या दहा मिनिटांत बुजवा. पोलिसांना मूर्ख ठरवू नका. मुलींचं स्वतःचं एक गुपित त्या तक्रारीत उघडं पडेल असं करा. फोनची बॅटरी ऐनवेळी संपणं एका पर्वात एकदाच माफ. धमकीचा मेसेज पडद्यावर येणार असेल तर सात-आठ शब्दांत आटपा आणि दोनदा मोठ्याने वाचून होईल इतका वेळ दिसू द्या.

नाचाचा प्रसंग रात्रीचा असतो, आणि तिथेच वेळापत्रक बोंबलतं. एका भागाला चित्रीकरणाचे साधारण आठ दिवस मिळतात. कॅलिफोर्नियात १६-१७ वर्षांच्या कलाकाराला शाळेच्या दिवसांत सहा तास काम आणि तीन तास अभ्यास असा नियम आहे. शाळकरी पात्रांसाठी विशीतले कलाकार घेण्याचं हे एक मोठं कारण. खरोखर अल्पवयीन कोणी असेल तर त्याचे सीन आधी उरका आणि मध्यरात्रीच्या पाठलागातून त्याला पटकथेतच वगळा.

पटकथा पक्की करण्याआधी परतीच्या भागाचा पहिला सीन लिहून काढा. तो ‘काही महिन्यांनंतर’ने सुरू होत असेल, किंवा शेवटच्या शॉटचा गुंता दोन मिनिटांत सुटत असेल, तर दुरुस्ती परतीच्या भागात करू नका, फिनालेचा शेवटचा शॉट बदला.