जुन्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बदलताय? या चुका टाळा

बॉनेट उघडलं की दोन्ही कोपऱ्यांत स्ट्रटचं (शॉकअप आणि त्याच्यावर बसवलेली स्प्रिंग मिळून होणारा भाग) डोकं दिसतं. वर रबरी टोपी असते, ती काढली की मधोमध एक मोठा नट आणि त्याच्या भोवती दोन-तीन छोटे नट. स्ट्रट गाडीतून काढायला फक्त भोवतीचे छोटे नट खोलायचे असतात. मधल्या नटाला हात लावायचा नाही, स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) दाबून मोकळी झाल्याशिवाय तर अजिबातच नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं डोक्यात ठेवा, कारण या कामातली सगळ्यात धोक्याची चूक हीच आहे.

होतं काय, गाडी जॅकवर उचलली, चाक लटकायला लागलं की वाटतं आता वजन गेलं म्हणजे स्प्रिंग सुटी झाली. तशी ती होत नाही. खालची वाटी आणि वरचं माउंटिंग यांच्यात ती दाबूनच बसवलेली असते आणि तिला धरून ठेवणारा तो मधला एकच नट असतो. आठशे किलोची गाडी धरा, साठ टक्के वजन पुढे, म्हणजे एका पुढच्या चाकावर साधारण २४० किलो. एवढं वजन रोज पेलणारी वस्तू आहे ती, आणि तिच्यात दाबून ठेवलेला जोर एका झटक्यात सुटला तर माउंटिंग, वाटी, पाना, जे मधे येईल ते उडतं आणि बरोबर त्याच रेषेत तुमचं तोंड असतं, कारण नट खोलायला माणूस वाकून वरूनच बघत असतो.

हे सगळं स्ट्रटवाल्या गाड्यांसाठी सांगतोय, म्हणजे मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, सँट्रो, वॅगनआर, इंडिका वगैरे. पद्मिनीसारख्या विशबोनवाल्या (चाक वर-खाली दोन आडव्या बाहूंनी धरलेल्या) गाडीत काम वेगळ्या पद्धतीने होतं, ही रीत तिथे लावू नका. आणि अँबॅसडरला पुढे कॉइल स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई आहे.

आधी खात्री करा की दोष स्प्रिंगचाच आहे

गाडी खड्ड्यात आपटते म्हणून स्प्रिंग बदलली आणि नंतर कळलं की शॉकअप गळत होता, किंवा शॉकअप नवे टाकले आणि गाडी तरीही एका बाजूला बसलेली, हे दोन्ही प्रकार गॅरेजमध्ये नेहमी बघायला मिळतात. फरक ओळखायचा असा: शॉकअप गेला असेल तर बॉनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहते आणि शॉकअपच्या अंगावर तेल दिसतं. स्प्रिंग गेली असेल तर गाडीची उंची कमी होते. सपाट जागेवर गाडी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावून दोन्ही बाजू मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की ते माप फसवतं. आकडा कागदावर लिहून ठेवा, काम झाल्यावर लागणार आहे.

स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा अगदी खालच्या वेढ्याला, कारण वाटीत चिखल-पाणी साचतं आणि तिथला रंग उडून गंज धरतो. रत्नागिरी, अलिबाग, वसई असल्या खाऱ्या हवेच्या भागातल्या गाड्यांना तर हे हमखास. वरून बघून कळत नाही, टॉर्च घेऊन वाटीच्या आत बघायला लागतं. टोकाचा तीन-चार इंच तुकडा तुटून तिथेच अडकून बसलेला असतो, गाडी चालत राहते, फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवलं की 'टण्ण' असा आवाज येतो. त्याकडे दुर्लक्ष करू नका, ते धारदार टोक सरकून टायरला लागलं तर चालत्या गाडीत टायर फाटू शकतो.

उचलताना होणाऱ्या चुका

गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे हलणार नाही, हा समज मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी ठीक आहे. वर सांगितलेल्या सगळ्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि आपण नेमकी तीच चाकं हवेत उचलतोय, त्यामुळे गिअरचा उपयोग शून्य. गाडी धरून ठेवणारा फक्त हँडब्रेक, आणि जुन्या गाडीच्या हँडब्रेकचं काय असतं ते मालकालाच माहीत. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा, जागा सपाट आणि पक्की हवी, बिल्डिंगच्या उतारावर किंवा पेव्हर ब्लॉकवर हे काम काढू नका.

डिकीतला जॅक हा स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्याच्यावर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही. लोखंडी स्टँड, ज्याला घोडी म्हणतात, ती दोन्ही बाजूला लावा, आणि त्यावर गाडी ठेवल्यावर हाताने जोरात हलवून बघा. विटांचा थर लावून काम करणारे आहेत, कृपा करून ते करू नका, वीट वजनाखाली अचानक फुटते, आधी तडा दाखवून सावध करत नाही. चाकाचे नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्या.

स्ट्रट काढताना

जुने बोल्ट गंजलेले असणारच, तेव्हा आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करा. स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन मोठ्या बोल्टांनी जोडलेला असतो, ते काढायच्या आधी दोन्हींच्या जागेवर पांढऱ्या मार्करने किंवा खिळ्याने खूण करा. काही गाड्यांत याच बोल्टांवर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, सेट होतो, आणि जिथे तसं नसतं तिथेही भोकात थोडी जागा असते. खूण नसेल तर चाक आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कललेलं बसतं आणि टायर एका कडेने खायला लागतो.

ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर असेल तर ती, स्ट्रटवरच्या क्लिपमधून आधी सोडवा. लिंक रॉड (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या बारची जोडसळई) स्ट्रटला जोडलेला असेल तर तोही. मग बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला पडू पाहतो. तो पडू द्यायचा नाही, तारेने किंवा पट्ट्याने वर बांधून ठेवा. नाहीतर सगळा भार ब्रेक होजवर येतो, शिवाय ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) ताणून आतला जॉइंट जागेवरून निसटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. वरचे छोटे नट सगळ्यात शेवटी, आणि शेवटचा नट काढताना खालून कोणीतरी स्ट्रट धरलेला हवा, म्हणजे जोडीदार हवाच.

कॉम्प्रेसर, इथे घाई केली की संपलं

स्ट्रट बाहेर आला की पुढे दोन रस्ते आहेत आणि माझं प्रामाणिक मत आधीच सांगतो. पहिल्यांदाच करत असाल तर स्ट्रट तसाच्या तसा, नवी स्प्रिंग बरोबर घेऊन, ज्याच्याकडे भिंतीला किंवा स्टँडवर बसवलेलं स्प्रिंग दाबायचं मशीन आहे अशा सस्पेन्शनवाल्याकडे न्या. तो थोडे पैसे घेऊन अदलाबदल करून देतो आणि बाकीचं खोल-फिट तुमचं तुम्ही घरी करू शकता. यात कमीपणा काही नाही, सगळ्यात धोक्याचा भाग योग्य हत्यारावर झाला एवढंच.

दोन हूकांचा हातकॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर तो चांगल्या दर्जाचा घ्या, हूकांना वेढा निसटू नये म्हणून पिन असलेला. आट्यांना ग्रीस लावा. दोन्ही हूक स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर बसवा आणि जितके जास्त वेढे पकडता येतील तितके पकडा. आता स्प्रिंगचा वेढा हा तिरका चढत जातो, त्यामुळे दाब वाढला की हूक त्याच्यावरून हळूहळू घसरत जातो, दोन्ही हूक एका बाजूला जवळ येतात आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते. असं दिसलं की तिथेच थांबा, सगळं सोडवून परत नीट बसवा. ठोकून सरळ करायला जाऊ नका. एका बोल्टला दोन फेरे, मग दुसऱ्याला दोन फेरे, असं आळीपाळीने, आणि हातपान्याने. इम्पॅक्ट गनने आटे तापून जाम होतात आणि एक बाजू कधी पुढे गेली ते कळतही नाही. स्प्रिंगच्या तोंडासमोर स्वतः उभं राहायचं नाही, दुसऱ्यालाही राहू द्यायचं नाही. डोळ्यांना सेफ्टी चष्मा हवा.

तुटलेली स्प्रिंग असेल तर तुटलेल्या वेढ्यावर हूक लावू नका. आणि तार गुंडाळून, साखळी बांधून, गाडीचंच वजन टाकून स्प्रिंग दाबायची जी आयडिया काही ठिकाणी चालते तिच्या वाटेला जाऊ नका, तार कधी तुटेल ते तिलाच माहीत.

मधला नट खोलायची वेळ कधी आली? स्प्रिंग वाटीमध्ये हाताने फिरायला लागली, वरच्या सीटपासून सुटून जराशी खुळखुळायला लागली, की. तोवर नाही. नट खोलताना शॉकअपचा रॉड बरोबर फिरतो, तो वरच्या टोकाला ॲलन की किंवा पान्याची जागा असते तिथे धरायचा. चकचकीत रॉडला पक्कड किंवा पाइप पाना लावला तर त्यावर ओरखडे येतात आणि तेच ओरखडे ऑइल सील कापतात, मग नवाकोरा शॉकअप महिन्याभरात गळतो.

बसवताना

खालच्या वाटीत एक पायरी असते. स्प्रिंगचं टोक तिला जवळजवळ टेकलं पाहिजे, चढून बसता कामा नये. टोक पायरीवर चढलेलं असलं तर काम करताना सगळं ठीक दिसतं आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला 'खाट' करून स्प्रिंग खाली बसते. वरची-खालची बाजूही बघा, बऱ्याच स्प्रिंगांची दोन्ही टोकं सारखी नसतात.

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदला. एक नवी एक जुनी असली की गाडी एका बाजूला कललेली राहते. पार्ट नंबर व्हेरियंटप्रमाणे बघा, डिझेल इंजिन जड असतं त्यामुळे पेट्रोलची स्प्रिंग त्याला चालत नाही. सीएनजी किट आहे म्हणून पुढच्या कडक स्प्रिंगा खपवणारे भेटतील, पण टाकीचं वजन मागे असतं, पुढे नाही. वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबून आपटू नये म्हणून असलेला रबर) आणि डस्ट कव्हर एवीतेवी सगळं उघडलंच आहे तर त्याच वेळी बदला. नायलॉनचे लॉकनट परत वापरू नका, आणि टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच.

गाडी उंच करायला वेढ्यांमध्ये रबरी बफर घालणं, खाली करायला वेढे कापणं, किंवा गॅसने तापवून स्प्रिंग खाली दबवणं, यातलं काहीच करू नका, आणि शेवटचं सगळ्यात वाईट, तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंग पुढे भरवशाची राहत नाही.

काम झाल्यावर काही बिघडलं वाटलं तर

स्टिअरिंग वळवताना कट-कट किंवा 'टण्ण' येतंय: स्प्रिंगचं टोक पायरीपाशी नाही किंवा वरचं बेअरिंग उलटं किंवा तिरकं बसलंय. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, जड वाटतं: तेच बेअरिंग जाम आहे. खड्ड्यात खट्ट आवाज: मधला नट, वरचे छोटे नट आणि लिंक रॉड, या क्रमाने तपासा, पण मधला नट फक्त आवळून बघायचा, ढिला करून नाही. गाडी एका बाजूला ओढते: कॅम्बरची खूण जुळलेली नाही, अलाइनमेंट तसंही करायचंच आहे.

नव्या स्प्रिंगांवर गाडी आधीपेक्षा उंच दिसते, त्याला घाबरू नका, जुन्या बसलेल्या होत्या म्हणून तसं वाटतं. सुरुवातीला लिहून ठेवलेलं माप काढा आणि दोन्ही बाजू परत मोजा. एखाद-दोन दिवस चालवल्यावरही डाव्या-उजव्यात स्पष्ट फरक राहिला तर दुकानदाराने दिलेल्या दोन्ही स्प्रिंगांवरचे रंगाचे पट्टे आणि नंबर जुळतात का ते आधी बघा, आणि जुळत असतील तर कमी भरलेल्या बाजूची वाटी परत टॉर्च घेऊन तपासा.