जोतिबाचा गुलाल आणि वॉशमध्ये अडकलेली ईव्ही

जोतिबाच्या डोंगरावरून उतरलो तेव्हा माझी पांढरी इलेक्ट्रिक गाडी गुलाबी झाली होती. दाराच्या रबरात, वायपरच्या खाचेत, सगळीकडं गुलाल. म्हटलं, कोल्हापुरात शिरायच्या आधी ऑटोमॅटिक वॉशला घालावी.

गाडी पुढं ओढणाऱ्या कन्व्हेयरवर चाक चढलं, एन म्हणजे न्यूट्रल टाकला आणि आरसा मिटला का बघायला सीटबेल्ट सोडून दार किलकिलं केलं. झालं! डॅशवर पार्कचा 'पी' उमटला, चाकं जाम. मागचा रोलर टायरला ढुशा देतोय आणि वॉशवरचा पोरगा ओरडतोय, "दादा, ब्रेक सोडा की!" मी कुठं धरला होता? त्यानं लाल बटण दाबलं म्हणून निभावलं.

रात्री मॅन्युअल काढलं. ड्रायव्हर उतरतोय असं वाटलं की गाडी घरंगळू नये म्हणून आपणहून पार्कला जाते. पॉवर बटणानं बंद केली तरी तेच.

पुढच्या खेपेला आरसे आधीच मिटवले, ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपणहून धरून ठेवणारी सोय) बंद, चार्जिंगचं झाकण दाबून बघितलं. ऑटो वायपरही बंद, नाहीतर पाणी पडताच ते ब्रशशी कुस्ती धरतात. मग ब्रेकवर पाय, एन, पाय काढला आणि गाडी चालू ठेवून सीटबेल्टसकट गप्प बसलो. सुरळीत बाहेर.

"शॉक नाही ना बसायचा?" आईची शंका. बॅटरीला आयपी 67 हे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन आहे, म्हणजे ती 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पण ती परीक्षा बुडण्याची, जोराच्या झोताची नव्हे. म्हणून प्रेशर गन चार्जिंग सॉकेटजवळ मारू देत नाही.

दाराच्या रबरातला गुलाल मात्र अजून निघतोय.