झूम हवा की मोठा सेन्सर?
खिशातला कॅमेरा घेताना बॉक्सवरचा ३०एक्स (३० पट झूम) बघून भुलू नका, आधी फोनमधले जुने फोटो चाळा आणि बघा आपण जास्त काय काढतो. घरातले, रात्रीचे, माणसांचे फोटो जास्त असतील तर सरळ १ इंच सेन्सरवाला (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) घ्या, सुपरझूममधल्या, म्हणजे खूप लांबचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यातल्या, १/२.३ इंच सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ साधारण चौपट, म्हणून कमी उजेडातही फोटोत दाणे कमी येतात. पक्षीबिक्षी टिपायचे असतील तर मात्र सुपरझूमच, फक्त पूर्ण झूमला लेन्स एफ ६.४ वगैरेवर जाते, म्हणजे आत उजेड कमी येतो, त्यामुळे लख्ख उन्हात मजा, जरा ढगाळ झालं की आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढतो आणि पिसं पुसल्यासारखी दिसतात.